उजवा खांदा

परशराम माझ्या टिळकवाडीच्या घरी पुष्कळदा आला, पण खोलीत कधी बसला नाही. उंबरठ्यावर, एक पाय बाहेर ठेवून तो बोलत असे. आत बोलावले की म्हणे, "न्हाय अण्णा, ह्या पायाला वारं लागू दे."

उचगावचा हा गडी रिसाल्यात घोडेस्वार म्हणून भरती झाला होता. महायुद्ध पेटल्यावर सरकारने घोडे काढून घेतले आणि स्वारांना रणगाड्यांत बसवले. त्यांची संमती कोणी विचारली? मी वकील आहे. घोड्यासाठी केलेला करार लोखंडालाही लागू होतो, हे मला अद्याप कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही.

रणगाड्याचा चालक पुढे, खाली, झाकणाआड बसतो. सरावाच्या जुन्या गाड्यांत आवाज पोहोचत नसे, म्हणून वर उभा असलेला कमांडर पायाने त्याचा खांदा दाबी. उजवा दाबला की उजवीकडे वळायचे. घोडा मात्र उजवीकडून टाच दाबली की डावीकडे सरतो. उभी तरुणाई खोगिरावर काढलेल्या परशरामने, उजवा खांदा दाबला जाताच, घोड्याने केले असते तेच केले. गाडी डावीकडच्या नाल्यात कलंडली. बाकीचे वरून निघाले. याचे झाकण चिखलात रुतले. दिवस मावळेपर्यंत तो आत होता.

"घोडं पडलं तर तंगड्या झाडून उठतंय," तो मला म्हणाला. "ही बया पडली की थडगं. अण्णा, मला ह्यातनं काढा. भांडी घासतो, पर त्या डब्यात न्हाय."

मी अर्ज केला. उत्तर आले: अर्जदाराची ब्रिगेड दुसऱ्या चिलखती डिव्हिजनकडे गेली आहे, तिकडे लिहावे. तिकडे लिहिले, तोवर त्या डिव्हिजनचा क्रमांक बदलला होता. नव्या क्रमांकाला लिहिले, तर ती मोडली होती. रणगाड्यांच्या ब्रिगेडी, लॉऱ्यांतले पायदळ, तोफखाना, सगळे पत्त्यांसारखे पिसले जात होते, आणि दर पिसणीला माझ्या अर्जाचे उत्तरदायित्व असलेला अधिकारी नाहीसा होत होता. एका जिवंत माणसाला कोंडून ठेवण्याची याहून निर्दोष व्यवस्था मी पाहिलेली नाही.

सुटीवर आला की परशराम माझीच थट्टा करी. "तुमच्या अर्जापायीच डिव्हिजनी मोडत्यात, असं आमच्यात बोलत्यात."

"मग नवी डिव्हिजन कशी उभी राहते?" मी विचारले.

"गाडीवरलं डिव्हिजनीचं चित्र न्हवं का! जुनं खरवडायचं, नवं रंगवायचं, आन् परत त्याच डब्यात शिरायचं."

पळून जाण्याचा विचार त्याने केला होता. "पर धरलं तर कोठडीत घालतील. तिला तर झाकण बी नसतंय."

युद्ध संपल्यावर सर्वांबरोबर तोही सुटला. माझ्या एकाही अर्जाने नव्हे. त्याने एक म्हातारी घोडी घेऊन दारासमोर बांधली. पण त्याची स्वतःची छाती गेलेली होती. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात निरोप आला म्हणून मी उचगावला गेलो. त्याला आतल्या खोलीत निजवले होते आणि आम्ही भेटायला आलेले सगळे त्याच्या खाटेभोवती दाटलो होतो. वाचा बंद झाली होती. मी वाकलो, तेव्हा त्याने हात उचलून तळवा माझ्या उजव्या खांद्याला लावला आणि दाबला.

मी डावीकडे सरलो. माझ्या मागचे दार मोकळे झाले. बाहेर घोडी उभी होती.