गणपतीआधीचं अपडेट

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यापासून विसर्जनापर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही. अर्धं ऑफिस कोकणात गेलेलं असतं, काही बिघडलं तर निस्तरणार कोण? त्यामुळे जे अपडेट असेल ते त्याआधीच उरकायचं.

मेलचे सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघंच, मी आणि मालवणकडचा तो. माझं घर वाकोल्याला. आम्ही बौद्ध, घरी गणपती नसतो, म्हणून त्या दिवसांत ड्युटी माझी. एप्रिलमध्ये जयंतीला त्याची. यासाठी कधी मीटिंग लागली नाही.

त्या वर्षी अपडेट अगदी तोंडावर आलं. सुरक्षेतलं भगदाड बुजवणारं होतं, टाळण्यासारखं नव्हतं. रविवारची सकाळ ठरली. आमचे सर्व्हर तीन, आणि तिघांकडेही सगळ्यांच्या मेलच्या प्रती. एकाला बाजूला घ्यायचं, त्याचं काम उरलेल्या दोघांवर टाकायचं, अपडेट चढवायचं, तपासायचं, परत कामाला लावायचं. मग दुसरा, मग तिसरा. मेल बंद पडत नाही. प्लॅनवर मात्र माणसांची दोन नावं लागतात, एक करणारा आणि एक बघणारा.

शुक्रवारी गावाहून त्याच्या शेजारच्या काकीचा फोन आला. आईचा ताप उतरत नव्हता आणि डॉक्टर म्हणाले होते, मुलाला बोलावून घ्या. गावच्या घरात ती एकटीच राहायची, आणि हा एकुलता एक.

मी म्हटलं, "आजच्या गाडीने नीघ तू. इथलं मी बघते ना."

आमच्या सरांनी नकारार्थी मान हलवली. "दुसरं नाव कोणाचं टाकणार? प्लॅन बदलला की परत मंजुरी, तोवर गणपती येतील. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग जा ना निवांत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, आई आहे त्याची!" पण त्यानेच मला हाताने गप्प केलं. जिन्यात जाऊन त्याने आईला फोन लावला, स्पीकरवर; मी शेजारीच.

"कधी येतलंस रे?" आवाज पार खोल गेलेला.

"चतुर्थीक येतंय गे. त्याच्या आधीच येतंय."

रविवारी पहिले दोन सर्व्हर झकास झाले. तिसऱ्याला बाजूला घेतलं, अपडेट चढत होतं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काकीचं नाव बघून त्याने तो उलटा ठेवला. परत वाजला.

"उचल ना रे," मी म्हटलं.

त्याने उचलला. ऐकून घेतलं. मग फोन टेबलावर ठेवून स्क्रीनकडे बघत राहिला.

"गेली," म्हणाला. आणि लगेच, "तिसरा परत आत घ्यायचा राहिलाय गं."

"मरू दे तो सर्व्हर! ऊठ आधी!" मी एवढी ओरडले की वॉचमन धावत आला. गाडी बोलावून त्याला आत बसवलं, वर आले, आणि तिसरा सर्व्हर एकटीनेच पूर्ण केला. करणारी मी, बघणारी मी. काहीही बिघडलं नाही. तेव्हा मला रडू फुटलं, रागाने.

सोमवारी सरांचा सगळ्यांना मेल आला, अपडेट इतकं व्यवस्थित पार पडलं की कोणाला कळलंसुद्धा नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. मी तो मेल डिलीट केला.

सुतक असल्यामुळे त्याच्या घरी त्या वर्षी गणपती बसला नाही. सगळ्या वाडीत आरत्या, आणि हा त्या घरात एकटा. सगळं उरकून तो परत आला तेव्हा डोक्यावर नुसते खुंट होते. घराला कुलूप लावून आलो म्हणाला. मी चहा आणून दिला.

थोड्या दिवसांनी पुढचं अपडेट आलं. मी प्लॅन लिहायला घेतला आणि सवयीने विचारलं, "रविवार चालेल ना तुला? की गावाला वगैरे जायचंय?"

त्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"कुठलाही दिवस टाक," म्हणाला. "आता कोण विचारतंय, कधी येतलंस?"