राणीची अविधवा नवमी

चारचौघांत लाजवण्याच्या बाबतीत आमच्या विहीणबाईंची, म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाईंची, सर अख्ख्या न्यूझीलंडात कुणाला यायची नाही. बाई स्वभावानं सोनं. पण लोअर हटच्या लायब्ररीत, नातीचं स्विमिंग संपेपर्यंत बसता बसता, त्यांना पुस्तकात एक राणी भेटली आणि आमची झोप उडाली. राणी आपल्याकडची असती तर मी बोलले नसते. ही मेक्सिकोतल्या जंगलातली, प्राचीन माया लोकांची, जाऊन हजाराहून जास्त वर्षं झालेली. विहीणबाई मात्र कालच तिच्याशी फोन झाल्यासारख्या बोलतात. डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, दूध घ्यायला गेलं की मालकाला सुरू, "अहो भाई, परगावाहून लग्न करून आली हो, आपल्यासारखीच! तीन मुलगे दिले त्या घराण्याला. आणि मुलगा गादीवर बसलेला बघायच्या आत गेली बिचारी!" मागे ही रांग, मालक चुकचुकतोय, आणि मी चिप्सच्या पुड्यांत तोंड लपवून उभी. क्लिनिकमधल्या आपल्या नागपूरच्या नर्सनं घराण्यात कुणाला काय आजार म्हणून विचारलं, तर यांनी राणीची हाडं ठिसूळ झाली होती इथून सुरुवात केली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तिथे झालं.

यंदा पितृपंधरवड्यात कळस झाला. त्या राणीच्या शवपेटीत हिंगूळ भरलेला सापडला, हाडंसुद्धा लालभडक. विहीणबाई फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "बघा, नवऱ्याच्या आधी गेली. सवाष्ण गेली. मळवट भरलाय हो तिचा!" माया लोकांची रीत निराळी, असं जावयानं परोपरीनं सांगितलं. "रंग लालच ना?" बाईंनी विषय संपवला. झालं, राणीची अविधवा नवमी करायची ठरली. त्या दिवशी सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, पण माया राणीच्या पाटावर बसायला कोण येणार? कुणाची शिफ्ट, कुणाची मीटिंग. नात म्हणाली, "आजी, शी इज नॉट इव्हन अवर रिलेटिव्ह!" आमचे हे ठणठणीत असल्यामुळे उरले मी. यांनासुद्धा खरं सांगायची लाज वाटली. जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घ्यायला चाललेय, म्हटलं आणि निघाले.

लेकीच्या घरात मी आणि विहीणबाई, दोघीच. कार्पेटवर चादर, चादरीवर पाट. पानात मक्याची भाकरी, मक्याची उसळ, मक्याची खीर, कडेला कपभर कोको. "तिकडे हेच खायचे," त्या म्हणाल्या. मग कुंकवाचा करंडा त्यांनी बोटानं माझ्याकडे सरकवला, लांबूनच. "तुम्हीच लावून घ्या. मी कशी लावू?" राणीचं सवाष्णपण मिरवणारी ही बाई स्वतःचं वैधव्य असं कडेकडेनं सांभाळत होती आणि मी इतके दिवस नुसती हसत होते. मान वर करवेना.

"दगडावर काय कोरलंय तिच्याबद्दल?" त्या भाकरीवर तूप वाढत म्हणाल्या. "अमक्याची बायको, अमक्याची आई. नाव तेवढं आहे, तेही किती जणांना ठाऊक? माझे हे आधी गेले, मला काही नवमी नाही. मुलगा गुणी आहे, पण तिथी नाही राहायची त्याच्या लक्षात. तुम्ही आज आला नसतात, तर हिचं पान तसंच राहिलं असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यांना घरात आई म्हणतात, आजी म्हणतात, बाहेर काकू, आणि मी विहीणबाई. "माहेरचं नाव काय हो तुमचं?" मी विचारलं. लग्नात बदललेलं ते नाव आठवायला त्यांना एक क्षण लागला. मग सोळा वर्षांच्या मुलीसारख्या लाजल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं." म्हणून इथे लिहीत नाही.

पण त्याच नावानं हाक मारून मी आणखी खीर मागितली, तर बाई उठायचंच विसरल्या. हातात पळी घेऊन, परत एकदा हाक येते का, वाट बघत बसून राहिल्या.