पाना ऑनलाइन आहे

आमच्या खोलीत किस्से साचायला वेळ लागत नाही, ते सांगायची मुभा मिळायला लागतो. खोली म्हणजे धाराशिवला आमच्या पोलिसांच्या गुन्हे शाखेतली अगदी मागची, जिची एकुलती एक खिडकी उघडत नाही. या प्रकरणाचे सगळे कागद आता कोर्टात वाचून झालेत, म्हणून सांगते. नावं तेवढी बदललीत.

येरमाळ्याकडच्या चढाला ट्रक हळू झाला की मागून चढायचं, ताडपत्री फाडायची आणि माल खाली टाकायचा, असं करणारी एक टोळी होती. एका क्लीनरनं त्यांना पाहिलं, तर त्याला चालत्या गाडीतून ढकलून दिलं. त्याचा एक पाय गेला. चढणारा, खालचा माल उचलणारा, विकणारा, ही माणसं एकमेकांना कधी भेटत नसत. प्रत्येकाकडं एक खास मोबाइल. त्यावरून साधा फोन लागायचा नाही. आत एकच ॲप, त्यात नुसती टोपणनावं, आणि वाचलेला मेसेज तासाभरात आपोआप पुसला जायचा. बाहेरून काही वाचता यायचं नाही. वाचायचं तर त्यांच्यात जाऊनच बसायला पाहिजे.

मग हायवेवरचा पंक्चरवाला दत्ता सापडला. टोळीत त्याचं नाव 'पाना'. कुठला ट्रक काय माल घेऊन निघालाय हे तो कळवायचा.

*

आमचे फौजदार शेखसाहेब. त्यांनी दत्ताचा हात धरला तेव्हा मोबाइल उघडा होता. अर्धा मिनिट हात लावला नाही की तो बंद होणार, आणि तीनदा चुकीचा आकडा टाकला की आतलं सगळं पुसलं जाणार. दत्ता तर आकडा सांगेना.

साहेबांनी मोबाइल बनसोडे मामांच्या हातात दिला. मामा आमचे जुने हवालदार, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. येरमाळ्यापासून धाराशिवपर्यंत जीपमध्ये मागं बसून मामा त्या काचेवर उजवा अंगठा फिरवत राहिले. तान्ह्या बाळाच्या टाळूला तेल चोळावं तसा. रस्त्यातले खड्डे, ब्रेक, कशानं म्हणून अंगठा थांबला नाही.

ऑफिसच्या दारात मोठे साहेब उभे. मामांनी पाय आपटला आणि डाव्या हातानं सॅल्यूट ठोकला.

"मामा, उजवा हात कुठाय?"

"ड्युटीवर हाय, साहेब."

*

दुपारपर्यंत दत्ता मऊ पडला. वकिलासमोर आकडा सांगितला, मदत करतो म्हणाला. रीतसर परवानग्या झाल्या. दत्ता परत दुकानात बसणार, साध्या कपड्यात मामा त्याच्यासोबत राहणार, आणि मोबाइल माझ्याकडं. म्हणजे आजपासून पाना मी.

जाताना दत्तानं एवढंच विचारलं, "मॅडम, त्यांना कळलं तर माझ्या पोरीला शाळेत कोण सोडणार?"

मामांनी शाळेची वेळ विचारून घेतली.

संध्याकाळी पहिला मेसेज आला. टोळीचा म्होरक्या 'आबा' विचारत होता, उद्या नजर ठेवशील का. मी लिहिलं, "होय, ठेवतो. कळवतो."

पलीकडून लगेच उत्तर आलं. "पाना, आज लई शुद्ध लिवतुयास?"

 मामांना फोन लावून म्हटलं, दत्ताला विचारा, तो काय लिहितो. मामांनी फोन त्याच्याच हातात दिला.

"म्या व्हय म्हणत न्हाय अन् बरं बी म्हणत न्हाय," दत्ता म्हणाला. "नुसता अंगठा टाकतो."

मागून मामांचा आवाज आला, "आन् ताई, वाक्याला टिंब देऊ नका. चोराला येवढा येळ नसतो."

*

त्या मोबाइलला मेसेज आला की एक बारीक 'टिंग' वाजायचं. ते वाजलं की मी उठायचे, दुसऱ्या मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढायचे, कारण तासाभरात सगळं पुसणार. जेवताना उठायचे, आंघोळीतून अर्धी बाहेर यायचे. नवऱ्यानं काही विचारलं तर नुसता अंगठा दाखवायला लागले.

लेकीच्या शाळेत पालकसभा होती. मोबाइल तेवढ्यापुरता शेखसाहेबांकडं. बाईंच्या टेबलावर त्यांचा फोन तसाच वाजला, आणि मी सगळ्या पालकांसमोर ताडकन उभी राहिले.

"बोला ना ताई," बाई म्हणाल्या. "काही तक्रार आहे का?"

 म्हटलं, "न्हाय, नजर ठेवून आहे."

त्या वर्षी माझ्या लेकीला एकदाही शिक्षा झाली नाही.

*

एकदा आबानं लिहिलं की लातूरकडनं तेलाचे डबे घेऊन येणारा पिवळ्या केबिनचा ट्रक आज घ्यायचा. तो थांबवायला तर पाहिजे. पण आदल्याच आठवड्यात आम्ही एक ट्रक तपासणीच्या नावाखाली अडवला होता. परत पोलीस दिसले असते तर त्यांना वास लागला असता.

मामा ढाब्यावर गेले. ड्रायव्हर जेवत होता तोवर मागच्या टायरात त्यांनी स्वतःच्या हातानं खिळा घातला. मग बिचारा ट्रक हळूहळू दत्ताच्या दुकानासमोर आला आणि तोच टायर काढायला पुन्हा मामाच. उजेड असेपर्यंत मामा त्या एका टायरशी झटत होते. टोळीनं वाट बघून बेत सोडून दिला.

ड्रायव्हर आधी चिडला, मग वैतागला, शेवटी त्यानं आपल्या डब्यातली भाकर मामांच्या हातावर ठेवली. निघताना म्हणाला, "चाचा, हात लई हळू हाय तुमचा. पर मन साफ हाय."

दुसऱ्या दिवशी मामा खोलीत मान खाली घालून बसलेले. म्हणाले, "साहेब, तितंच गुन्हा कबूल करावा वाटला."

*

टोळीत एक 'मास्तर' होता. त्याला दत्ताच्या आईच्या गुडघेदुखीचं माहीत होतं. रोज विचारायचा. एकदा त्यानं तेल करायची रीत लिहून पाठवली, लसूण किती, ओवा किती, किती वेळ कढवायचं, सगळं बैजवार. मी ती रीत उतरवून ईट गावी राहणाऱ्या माझ्या आईला कळवली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण एका भल्या माणसाला फसवतोय.

अर्ध्या तासानं त्याचाच मेसेज. "त्यो क्लीनर अजून दवाखान्यातच हाय का? तोंड उघडलं तर दुसरा पाय."

आम्ही लगेच दवाखान्यात पहारा बसवला. दुसऱ्या दिवशी सवड झाल्यावर आईला फोन केला. म्हटलं, तेल लावू नको.

आई म्हणाली, "कालपासनं जिना चढतीया म्या."

*

ट्रक हातचे जायला लागले तसं आबानं लिहिलं, आपल्यातला कुणीतरी फुटलाय. मला वाटलं, संपलं. मामांना सांगून दत्ताच्या बायकोला आणि पोरीला पाहुण्यांकडं पाठवलं. शेखसाहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते.

पुढचा मेसेज आला. "पाना, तू जुना. कोण फुटलाय ती तू हुडक."

दोन दिवस टोळीतला एकेक जण मला वेगळा मेसेज करत होता. आपण साफ आहोत हे पटवायला जो तो स्वतःचंच खरं नाव, गाव, गाडीचा नंबर कळवायचा. इतके दिवस आम्हाला एकाचंही नाव मिळालं नव्हतं. आता माझी वही भरली.

तिसऱ्या दिवशी आबानं विचारलं, "सांग, कोण?"

ज्याचं नाव घेऊ त्याचं काय करतील हे मला माहीत होतं. खोटं नाव द्यायला हात धजेना. मी साहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं ते लिहा."

मी लिहिलं, "म्याच फुटलो"

सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. आबानं लिहिलं, "मस्करी बास. उद्या नऊ वाजता माकणीच्या धरणावर या समदे. समोरासमोर बघू."

सकाळी मी धुण्याचं गाठोडं घेऊन पाण्याच्या कडेला बसले होते. माणसं एकेक करून आली आणि लांब लांब उभी राहिली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. वहीतले सहा आणि सातवा आबा, असे सात जण झाल्यावर आमची माणसं चारी बाजूंनी उठली. पळायला कुणाला जागाच राहिली नाही.

त्यांना रांगेत खाली बसवलं. आबा म्हणजे चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला साधा माणूस. त्यानं एकेकाचं तोंड निरखून पाहिलं, मनात मोजलं, आणि विचारलं, "ह्यात पाना कोण?"

जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला. दत्ता तेव्हा येरमाळ्याला दुकानात कुणाच्या तरी टायरात हवा भरत होता.

मी गाठोडं खाली ठेवलं आणि हात वर केला.