दोन पाखी आणि बेवारस आढं

फेलिस्मिनाच्या गालावर विळ्याची खूण आहे आणि तिच्या धाकट्या भावाला, झेफेरिनोला, पुढचे दोन दात नाहीत. दोन्ही एकाच दुपारचं, बापाला पुरून आल्यावरचं. बापाने घर दोघांत वाटलं होतं: डावं पाखं मुलीला, उजवं मुलाला. आमच्या सांताना गावातलं जुनं घर म्हणजे जमिनीला टेकत आलेली, गव्हाच्या काडाची दोन उतरती पाखी आणि पुढे रंगवलेली फळ्यांची भिंत, त्यामुळे वाटणी सोपी वाटली असावी. दोन्ही पाखी मिळतात ते मधलं आढं कोणी शाकारायचं, हे सांगायचं राहिलं. सत्तावीस वर्षं ते कोणीच शाकारलं नाही, आणि दोघंही गळतीखाली ठेवलेल्या आपापल्या बादलीशेजारी झोपत आली. मी समोरच राहतो. दोघांना शाळेत भागाकार मीच शिकवला होता.

फेलिस्मिना गहू पेरते तो काडासाठी. विळ्याने कापते, कणसं दगडावर झोडते, काड मोडू देत नाही. दर पाच वर्षांनी आपलं पाखं एकटी शाकारते. गेल्या उन्हाळ्यात, सहासष्टाव्या वर्षी, तिला त्यासाठी एक महिना आणि तीन दिवस लागले. त्या पाख्याइतकी माया तिने नवऱ्यावर केली असती, तर तो ब्राझीलला गेला नसता.

झेफेरिनो आपली बाजू पाहुण्यांना राहायला देतो. त्याने आत गॅसची शेगडी आणून ठेवली. आमच्याकडे स्वयंपाकघर म्हणजे अंगणापलीकडची दगडी खोली. काडाखाली कोणी साधं दूधही तापवत नाही.

"पाहुण्यांना सकाळी पायजम्यावर अंगण ओलांडायची लाज वाटते," झेफेरिनो म्हणाला.

"मग चांगला पायजमा आणा म्हणावं. लहानपणी डोक्यावर पडला होतास का रे?"

"तूच पाडलं होतंस."

"कमी उंचीवरून पाडलं."

मग तिने कुऱ्हाडीने शेगडीचे तुकडे केले. त्याने दाराचा अडसर काढून तिच्या डाव्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. डॉक्टरांनी "जिन्यावरून पडली" असं लिहिलं. त्या घराला जिना नाही.

तिसऱ्या दिवशी नवी शेगडी आली. पाचव्या दिवशी, सकाळी अकराला, एक डच पाहुणं जोडपं अंडी तळत असताना काड पेटलं.

फेलिस्मिना शेतातून धावत आली. डावा हात गळ्यात बांधलेला, विळा दातांत. जाळ उजव्या पाख्याच्या मागच्या टोकाला होता आणि आढ्याकडे चढत होता. आढं ओलांडलं की तिचं पाखं गेलं.

"मास्तर, शिडी धरा!"

मी धरली. ती चढली आणि आढ्याखालचे बंध सपासप कापू लागली, म्हणजे भावाची सगळी शाकारणी खाली घसरेल.

"माझं पाखं कापतेय! उतर, सटवे!" झेफेरिनो मागून चढला. त्याने तिची पोटरी धरली, हलली नाही म्हणून चावला. तिने टाचेने त्याचं नाक फोडलं. त्याने कापायच्या बंधावरच डावा हात आडवा ठेवला.

"कर आता!"

तिने केलं. त्याची दोन बोटं खालच्या निळ्या फुलांच्या ताटव्यात पडली. पाठोपाठ अख्खं पाखं घसरून अंगणात आलं आणि तिथे जळून गेलं. डच गृहस्थ आतापर्यंत फोटो काढत होते. ते भिंतीशी जाऊन ओकले.

फेलिस्मिनाचं पाखं वाचलं. ती त्याच्याकडे बघत उंबऱ्यावर बसली आणि पाव खाल्ला.

तिसऱ्या दिवशी समुद्राकडून वारा सुटला. भावाच्या उघड्या वाशांतून आत शिरून तो तिच्या पाख्याला आतून उचलू लागला. संध्याकाळपर्यंत अकरा पेंढ्या माझ्या बटाट्यांत येऊन पडल्या. दुसरं पाखं नसलं की पहिलं टिकत नाही, हेही बाप सांगायला विसरला होता. गाईच्या खोपटात तिचं राखून ठेवलेलं काड होतं. ती दवाखान्यात गेली आणि भावाला दंडाला धरून खाटेवरून ओढलं.

"चल. तुझं पाखं शाकारायचंय."

"या हाताला तीनच बोटं राहिलीत."

"पेंढी धरायला पुरतात. पाच होती तेव्हा काय दिवे लावलेस?"

काम बावीस दिवस चाललं. काड वाकडं लागलं की ती काड ठोकायच्या बडवणीने त्याच्या पाठीत हाणायची, तो पेंढी तिच्या तोंडावर फेकायचा. मी शिडी धरून होतो आणि दोनदा माझाच कपाळमोक्ष व्हायचा राहिला.

शेवटी दोघं दोन बाजूंनी आढ्यापाशी येऊन थांबली. पावसाचे ढग खाली उतरले होते.

"तुझं आहे," ती म्हणाली.

"तुझं आहे. बाबांची तूच लाडकी होतीस."

"मला काय दिलं लाडाने? निम्मं छप्पर आणि तू!"

पहिला थेंब तिच्या नव्या काडावर पडला. तिने शिवी हासडून पेंढी आढ्यावर टाकली. आढ्याच्या गाठीला दोन धड हात लागतात. तिच्याकडे उजवा होता, त्याच्याकडेही उजवाच. दोर तिने ताणला, पीळ त्याने दिला. अशा चाळीस गाठी झाल्या.

चाळिसावी घट्ट बसताच झेफेरिनोने मोकळ्या झालेल्या हाताने तिच्या थोबाडीत दिली. फेलिस्मिनाने विळा शोधला. तो खाली राहिला होता. म्हणून ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली.

त्या हिवाळ्यात आढं गळलं नाही.