कंदीलवाल्याचा शेवट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिचा समज असा की माझं काही तिच्यापासून लपून राहत नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच की तुम्ही दिग्याला ओळखत नाही. ओळखत असता तर — छे, मग तोंडच उघडलं नसतं मी.

सुरुवातीला तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. गोष्ट गाण्याची आहे, तीही इंग्रजी गाण्याची, आणि साठी उलटलेल्या दोन नाशिककरांची. यात कोणाचा खून झालेला नाही, कोणाचं घर बुडालेलं नाही. मग कबुली कसली? तेच तर सांगायला बसलोय. थोडं फिरून येतो, सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत नाशकात रॉक ऐकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली दोन बोटं म्हणजे मी आणि दिग्या — दिगंबर, सिन्नरचा, रोज एसटीने यायचा. माझा एक मामा बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की बॅगेतून दोन-तीन रेकॉर्डी निघायच्या. मामाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो कव्हर बघून आणायचा, आणि आम्ही नावंही कव्हर बघूनच ठेवायचो. बँडची खरी नावं आमच्या तोंडात बसायची नाहीत. मग एक 'काचेचा घोडा', एक 'तीन दारं', एक 'बिनडोक्याचा राजा'. आजही आम्ही त्यांना याच नावांनी ओळखतो.

काय सांगू तुम्हाला त्या रेकॉर्डींबद्दल! 'काचेचा घोडा' म्हणजे नुसता दणका. गिटारवाला असा सुटायचा की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. 'तीन दारं'मध्ये गाण्याला गाणं जोडलेलं, मधे श्वास घ्यायला जागा नाही. आणि 'बिनडोक्याचा राजा' — दोन रेकॉर्डींचा जोडअल्बम. त्याच्या चौथ्या बाजूला ड्रमवाला एकटाच इतका वेळ बडवत बसतो की माणूस मधे दाढी करून येईल. दिग्या म्हणायचा, "त्याला कोणीतरी चहा द्या रे." तरी आम्ही ती बाजूसुद्धा पूर्ण ऐकायचो. नियमच होता तसा. बाजू लावली की संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. एकदा माझे वडील दारात उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, हा तर रूपक! सात मात्रा!" त्या दिवसापासून आमच्या घरात रॉकला राजमान्यता मिळाली.

दिग्याचा कान मात्र देवाघरचा होता. मी एखादं गाणं पन्नास वेळा ऐकून जे पकडायचो, ते तो एकदा ऐकून गिटारवर वाजवायचा. गिटारही उसनी, एक तार नसलेली. माझ्याकडे रेकॉर्डी होत्या, प्लेयर होता, मामा होता. त्याच्याकडे कान होता. माझ्याच घरी बसून, माझ्याच रेकॉर्डीतलं मला सर्वांत प्रिय असलेलं गाणं तो पाच मिनिटांत आपलं करून टाकायचा, आणि मी वा वा करायचो. मनापासून करायचो का? बहुतेक वेळा — हो. प्रत्येक वेळी नाही. इथून माझं पाणी गढूळ व्हायला लागतं बघा.

एका वर्षी मामाने 'कंदीलवाला' आणला. कव्हरवर धुक्यात एक माणूस हातात कंदील घेऊन चाललेला, पाठमोरा. पहिल्या बाजूला चार-पाच गाणी, दुसऱ्या बाजूला एकच. अख्खी बाजू एकच गाणं! सुरुवातीला गिटारवर एक साधी धून येते, संध्याकाळी घराकडे निघालेल्या माणसाने गुणगुणावी तशी. मग ती हरवते. ऑर्गन येतो, ताल बदलतो, वादळ होतं, मधेच सगळं शांत, पुन्हा वादळ. मग धून एकेक पायरी वर चढायला लागते, चढत राहते, आणि आपण श्वास रोखून बसतो की आता, आता — आणि सगळ्यात वरच्या पायरीवरून ती पहिली साधी धून परत येते. सगळी वाद्यं घेऊन, घरी. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा एकटाच होतो, आणि रडलो. खोटं कशाला सांगू?

दिग्याला परीक्षेमुळे कॉलेज सुटल्यावर नाशकात थांबणं जमत नव्हतं. त्याने कॅसेट मागितली. आता कोरी कॅसेट परवडायची नाही, म्हणून आमची एक युक्ती होती. रविवार कारंज्यावर एका दुकानात न खपलेल्या आरत्यांच्या कॅसेटी स्वस्तात मिळायच्या. कॅसेटच्या पाठीवरच्या भोकांत कागदाचा बोळा कोंबायचा, वर चिकटपट्टी लावायची, की त्यावर हवं ते भरता येतं. आमचा सगळा खजिना असा आरत्यांवर भरलेला. रॉक संपलं की उरलेल्या फितीवर एकदम झांजा सुरू व्हायच्या, आणि दिग्याची आई आतून हात जोडायची.

पण कुठल्या कॅसेटीत फीत किती, याचा काही नेम नसायचा. 'कंदीलवाला' भरताना दुसऱ्या बाजूला धून त्या शेवटच्या पायऱ्या चढत होती आणि कॅसेट थांबली. खट्ट. रेकॉर्ड इकडे वाजत राहिली, धून घरी आली, पण कॅसेटमध्ये नाही आली. दुसरी कॅसेट आणून पुन्हा भरावं, एवढंच करायचं होतं. कंटाळा केला. सीबीएसच्या एसटी स्टँडवर सिन्नरच्या गाडीच्या खिडकीतून कॅसेट त्याच्या हातात दिली, आणि शेवट राहिलाय हे सांगायचं राहून गेलं. इथपर्यंत फक्त आळस आहे, गुन्हा नाही.

गुन्हा पुढच्या रविवारी झाला. दिग्या आला तो पेटलेलाच. चप्पल काढायच्या आत सुरू: "नंद्या, काय शेवट हाय रे! चढवत नेतो, चढवत नेतो, आणि एकदम खट्ट! तोडलाच! लय भारी! हे लोक येडे हायेत का कोण?" मग गिटार घेऊन त्याने ते अख्खं गाणं वाजवलं. पहिली धून, वादळ, त्या पायऱ्या. आणि जिथे फीत संपली तिथे तारांवर फाडकन हात ठेवून थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "असाच संपतो ना?"

मी काय म्हणायला हवं होतं हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. 'अरे गाढवा, फीत संपली, बस, ऐकवतो' — किती सोपं! आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. शेवट ऐकवला की पाच मिनिटांत तोही याचा होणार. त्याच्या बोटांतून निघणार, आणि माझ्यापेक्षा चांगला निघणार. सगळं तर घेतो हा. एवढं एक माझ्याकडे राहू दे ना.

मी म्हणालो, "हो. असाच संपतो."

तो म्हणाला, रेकॉर्ड लाव, मोठ्या आवाजात ऐकू. मी म्हणालो, मामाने परत नेली. आम्ही दोघं दिवाणावर बसलो होतो, आणि रेकॉर्ड त्याच दिवाणाच्या आत, गोधड्यांच्या खाली होती.

झालं. आठ दिवसांत सांगून टाकू असं ठरवलं होतं. आठ दिवसांची वर्षं कशी होतात हो? मी बँकेत लागलो, तो सिन्नरच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात प्रेस मशिनवर. लग्नं झाली, दोघांनी नाशकात घरं घेतली. रविवारी सकाळी मिसळ आणि मग एक बाजू, हे कधी चुकलं नाही. आणि दिग्या भेटेल त्याला 'कंदीलवाल्या'चा शेवट सांगत राहिला. कारखान्यातल्या पोरांना, व्याह्यांना, एकदा तर सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना. "पुरं करण्यात काय अक्कल लागते? अर्ध्यात सोडायला छाती लागते!" लोक माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो.

त्याचा धाकटा भाऊ अचानक गेला, दुकानात बसल्या बसल्या. दहाव्याहून परत येताना दिग्या गाडीत म्हणाला, "आपल्या त्या गाण्यासारखंच झालं, नंद्या. चढत होता, आणि खट्ट. पण अर्धं राहिलं म्हणून गाणं वाईट होतं का?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, आता तर सांगणं शक्यच नाही, त्याचा आधार काढून घेतल्यासारखं होईल. हे कारण म्हणून देत नाही तुम्हाला. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं. गप्प बसायला चांगलंसं निमित्त मिळालं म्हणून हायसं वाटलं, भाऊ गेल्याच्या दिवशी. बघा, हा मी असा.

मोबाइलवर सगळं मिळायला लागलं तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली. पण दिग्याच म्हणाला, "मोबाइलवर गाणं ऐकायचं म्हणजे फोटोतली मिसळ खायची." वाचलो. मग त्याच्या साठीला त्याच्या लेकीने, गार्गीने, पुण्याहून नवा रेकॉर्ड प्लेयर आणला, आणि कुठून कुठून शोधून 'कंदीलवाल्या'ची नवी छापलेली रेकॉर्ड. "काका, तुम्ही पण बसा," म्हणाली. बसलो.

दुसरी बाजू. धून पायऱ्या चढू लागली. दिग्याने सवयीने बोट वर केलं, आता खट्ट म्हणून. खट्ट झालं नाही. धून पुढे गेली, वळली, घरी यायला लागली. मीही कित्येक वर्षांनी ऐकत होतो. काय सांगू, तशीच होती, जशीच्या तशी. आणि दिग्या उठला आणि त्याने सुई उचलली. आमच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाजू मधे थांबली.

"काय घाण करून ठेवलीय रे! मागनं शेपूट चिकटवलंय! धंदा नुसता!" मग माझ्याकडे वळून, "तू ओरिजनल ऐकलीय. सांग हिला."

गार्गी हातात मोबाइल घेऊन काहीतरी शोधायच्या बेतात होती. "पण बाबा, हे नंतरचं कशावरून?" तो म्हणाला, "काका सांगतोय ना? काका कशाला खोटं बोलेल?"

आणि काका म्हणाला, "हो गं. ते नंतर जोडलंय."

पहिलं खोटं विशीतल्या पोराचं होतं, असं म्हणून सोडून देता येईल. हे दुसरं कोणाचं? पेन्शन घेणाऱ्या माणसाचं. ते सोडून द्या असं मी म्हणत नाही.

तेव्हापासून दर रविवारी दिग्या त्या नेमक्या जागी सुई उचलतो. नियम मोडून उचलतो, कारण त्याच्या लेखी पुढचं गाणंच नाही. तो परदेशी बँड, ज्यांनी बिचाऱ्यांनी शेवट एवढा मनापासून केला असेल, त्यांचं गाणं गंगापूर रोडवरच्या दिग्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी अर्धं राहतं.

यंदा एक गोष्ट झाली. प्रेस मशिनवर जन्म काढलेल्या दिग्याचा उजवा कान आधीच गेला होता, आता डावाही चाललाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जे ऐकायचं ते ऐकून घ्या. तो कान, देवाघरचा! कानाला मशिन लावलंय, पण म्हणतो त्यात सगळं पत्र्यासारखं वाजतं. वहिनी कांदे-पोहे खायला हाका मारतात त्या त्याला ऐकू येत नाहीत, मी खूण करतो. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "नंद्या, ती जागा मला आता सापडत नाय रे. तू बोट वर करत जा, मी सुई उचलीन."

परवाच्या रविवारची गोष्ट. वहिनी आत होत्या. आम्ही दोघंच. दुसरी बाजू चालू, तो प्लेयरपाशी वाकून बसलेला. मी घरून ठरवूनच गेलो होतो — आज बोट वर करायचं नाही. काही बोलायचंही नाही. नुसतं बसून राहायचं. उरल्यासुरल्या कानाने का होईना, धून घरी आलेली त्याला एकदा ऐकू दे. मग काय शिव्या द्यायच्या त्या देईल.

धून वर चढू लागली. एक पायरी, अजून एक. दिग्या रेकॉर्डीकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता, लहान पोरासारखा, पूर्ण भरवशाने.

मी बोट वर केलं.

त्याने सुई उचलली आणि हसून म्हणाला, "वा! बरोब्बर."