बाळंतिणीच्या खोलीतले दुसरे स्टूल

कळमनुरीतल्या माझ्या पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या होत्या. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, नुकतीच नर्स झालेली मी पांढऱ्याशुभ्र पोशाखात अवघडून उभी होते. डॉ. वत्सलाबाईंनी सूप पुढे सरकवले. "पेशंट येईपर्यंत हात रिकामे कशाला?" संध्याकाळपर्यंत एकही पेशंट आली नाही. शेंगा मात्र संपल्या.

आमच्या भागात स्वतःचा दवाखाना थाटणाऱ्या बाई या पहिल्या स्त्री-डॉक्टर. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, म्हणून हा सत्कार आणि हा गौरवग्रंथ. त्यांच्या हातून जन्मलेल्या मुली आता आपल्या लेकींना घेऊन त्यांच्याकडे येतात. तरी मी त्यांच्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. "ती लिहिणार असशील तरच लेख दे," असे त्यांनीच बजावले आहे.

तांड्यावरच्या दाई जमनाबाई एकदा अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीतून घेऊन आल्या. नाळ कापायचा विळा त्यांच्या कमरेला होता. बाईंनी तो काढून घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू बाहेर बस." बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली. पण तांड्यावरून गाडी येणे थांबले. पुढे कळले, की तिथेच घरी बाळंत झालेली एक तरुणी धनुर्वाताने गेली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तांड्यावर गेल्या.

"काहून आलीस? दुसरा विळा न्यायला?" जमनाबाईंनी विचारले.

"माफी मागायला. तुमच्याच माणसांसमोर मी तुम्हाला बाहेर काढलं."

जमनाबाईंनी बसायला घोंगडी टाकली. "मंग आत बसू देशील?"

"माझ्या शेजारी. पण नाळ उकळलेल्या पात्यानंच कापायची."

"उकळू. इळा राहू दे तुझ्याकडंच. पर तुझा हात लई थंड हाय, म्हनली ती गाडीतून आनलेली पोरगी. जरा शेकून घेत जा, डॉक्टरीण. आतलं लेकरू दचकतंय."

बाई हसल्या. खोलीत दुसरे स्टूल आले आणि गाड्याही पुन्हा येऊ लागल्या. बाळ आडवे की पायाळू, हे जमनाबाई पोटावर हात ठेवून सांगत. बाई तपासत आणि बहुतेक वेळा मान डोलावत. हात शेकल्याशिवाय पोटाला लावायचा नाही, हे बाईंनी मलाही शिकवले. माझ्या पहिल्या बाळंतपणात दोघींचेही हात उबदार होते. ती ऊब मी अजून विसरलेले नाही.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि दुसरे स्टूलही असेच भरलेले राहो.

सत्काराचे कळताच बाईंनी मला कागद घेऊन बसवले. त्यांनी सांगितले तसे इथे उतरवते. शाल जमनाबाईंना द्यावी. नव्वदीतल्या त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नाहीत, म्हणून व्यासपीठावरून खाली उतरून द्यावी. या ग्रंथाची पहिली प्रत नर्सिंग शिकणाऱ्या जमनाबाईंच्या नातीला द्यावी. तिने हा लेख आजीला वाचून दाखवावा, एकही ओळ न गाळता. बाईंना हार नको. शेंगांची टोपली मी आणते आहे. आणि बाईंच्या कपाटात इतकी वर्षे जपलेला तो विळा जमनाबाईंच्या हाती परत द्यावा, सगळ्यांदेखत.