वाळूवरची बर्फगाडी आणि अब्बास मिस्त्री

कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारामागं राहणाऱ्या अब्बासला ‘मला माहीत नाही’ एवढंच काय ते बोलता येत नसे. कुणी बोटीच्या इंजिनाचं विचारो, दाढदुखीचं विचारो, की लंडनला आत्ता किती वाजले असतील ते विचारो, अब्बास डोळे किलकिले करून, हनुवटी खाजवून उत्तर द्यायचाच. उत्तर चुकलं तर दोष बोटीचा, दाढेचा किंवा लंडनचा.

ह्या खोडीपायी त्यानं एक मोठा घोळ घालून ठेवला होता. रत्नागिरीकडून कुवेतला आल्यावर त्याला मजीद नावाच्या व्यापाऱ्याच्या गॅरेजात काम मिळालं. काम काय, तर मिस्त्रीनं खोललेले पुर्जे रॉकेलात धुवायचे, पुसायचे आणि परत मिस्त्रीच्या हातात द्यायचे. पहिल्या सुट्टीत गावी गेला तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, तिकडं मिस्त्री झालास काय? आता नाही म्हणायला जीभ वळायला हवी ना. झाला मिस्त्री. त्याच सुट्टीत शरीफाशी निकाह झाला, तोही मिस्त्री म्हणूनच. पुढं कित्येक वर्षं ती गावी नि हा इकडं, त्यामुळं ते खोटं सुखानं नांदलं. गेल्या हिवाळ्यात मात्र शरीफा बोटीनं कुवेतला दाखल झाली आणि अब्बासची झोप उडाली. ती जेवणाचा डबा घेऊन गॅरेजात येईल ह्या धास्तीनं तो रोज दुपारी उन्हातून धावत घरी जेवायला यायचा. बायकोवर किती जीव आहे बघा, असं शेजारणी म्हणायच्या.

आणि अशात ती बर्फगाडी आली.

शुऐबा बंदरावर काम करणारा एक कॅनडाचा इंजिनियर मायदेशी परत निघाला होता. त्यानं कसल्या हौसेनं बर्फावरची गाडी कुवेतपर्यंत आणली होती ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढं चाकांच्या जागी दोन फळ्या, खाली रुंद रबरी पट्टा, वर घोड्यासारखी बैठक. मजीदनं ती बघितली आणि घेऊनच टाकली. बर्फ काय नि वाळू काय, दोन्ही पायाखालून सरकतात, असा त्याचा हिशेब. मजीदला सगळे नोकर ‘अरबाब’, म्हणजे मालक म्हणत, आणि मालकाच्या हिशेबात चूक काढायची कुणाची छाती होती?

साहेबानं जाताना बजावलं होतं की चालवण्याआधी साखळीपेटीतलं तेल बदला. गाडीच्या बगलेत एक बंद पेटी, तिच्यात इंजिनाचा जोर पट्ट्यापर्यंत नेणारी साखळी, आणि ती साखळी तेलात फिरणारी. गॅरेजच्या मिस्त्रीनं एक नजर टाकली आणि आपण मोटारींचे मिस्त्री आहोत, घसरगुंड्यांचे नाही, असं सांगून चहा मागवला. अरबाबनं इतरांना विचारलं, हे कुणाला येतं? अब्बासच्या तोंडून निघून गेलं, “आपल्याला येतं.”

अरबाब खूश झाला. शुक्रवारी त्याचे दस्मानचे, म्हणजे राजवाड्याकडचे बडे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर गाडी धावली, तर शनिवारपासून अब्बास गॅरेजातला दुसरा मिस्त्री. अब्बासच्या डोळ्यांपुढं काजवे नव्हे, चांदण्या चमकल्या. इतक्या वर्षांचं खोटं एका झटक्यात खरं होणार होतं, आणि शरीफाला कधी पत्ताही लागणार नव्हता. गॅरेजात चारचौघांदेखत फजिती नको, म्हणून त्यानं शेजारच्या उस्मानच्या पिकअपमध्ये गाडी चढवली आणि थेट घरी आणली.

अंगणात गाडी उतरली तशी आळी गोळा झाली. पूर्वी खलाशी असलेल्या उस्माननं ती होडीच आहे, फक्त शिडाचं लाकूड वाटेत हरवलंय, असा निकाल दिला. अब्बासनं सगळ्यांना दूर सारून शरीफाकडं भाकरीची परात मागितली. शरीफानं ती छातीशी धरली. ह्या परातीत आजवर तांदळाच्या पिठाशिवाय काही पडलं नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी मिस्त्रीच्या बायकोला शोभतं का हे, असं अब्बास म्हणाला, तेव्हा कुठं परात सुटली.

आणि गंमत म्हणजे काम जमलं. त्यानं पेटीचं झाकण सोडवलं, तसं काळंकुट्ट तेल भळाभळा परातीत आलं. पुर्जे धुण्यात तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं साखळी अशी लख्ख धुतली की शरीफानं ती हातात घेऊन बघितली. झाकण लावलं, वरचं रबरी बूच काढून अरबाबनं दिलेलं नवं तेल ओतायला घेतलं. साहेबाचा निरोप होता, पेटीच्या अंगाला एक छोटं भोक आहे, तिथं तेल दिसलं की हात आवरा. अब्बासनं हात आवरला, भोकाचा स्क्रू पिळला, वर बूच बसवलं. डब्यात अर्धं तेल उरलं. मग तो अंघोळ करून जुम्म्याच्या नमाजाला गेला.

इकडं शरीफाला चैन पडेना. तिनं बूच काढून आत बोट घातलं. बोट कोरडंच वर आलं. म्हणजे पेटी अर्धीअधिक रिकामी. तिच्या माहेरी कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत जात नसे, आणि भात मोजून द्यायचा तर पायलीवर शीग चढल्याशिवाय देत नसत. त्यात डब्यात अर्धं तेल उरलेलं. उद्या लोक म्हणतील, मिस्त्रीनं मालकाचं तेल चोरलं. नवरा भोळा, त्याला हे कळायचं नाही. तिनं बिस्मिल्ला म्हणून उरलेलं सगळं तेल काठोकाठ ओतलं, बूच ठोकून बसवलं, आणि डबा घासूनपुसून परत द्यायला बाजूला ठेवला.

दुपारी गावाबाहेरच्या वाळूत सतरंज्या पडल्या. पाहुणे चहा घेत होते. शरीफा आणि उस्मानची बायको जमिला पिकअपपाशी उभ्या होत्या. अरबाब पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा अंगरखा घालून गाडीवर बसला. दोरी ओढली, इंजिन गुरगुरलं, आणि खरंच सांगतो, गाडी पळाली. वाळू उडवत टेकाड चढली, पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. अब्बासची छाती फुगली. दुसऱ्या फेरीला गाडी सतरंज्यांसमोर आली आणि पेटीवरचं बूच फाटकन उडालं. मागोमाग तेलाची धार. साखळीला आपलं अंग हलवायलाच जागा नव्हती, तिनं तेल भिरकावून दिलं. अरबाब दाढीपासून चपलांपर्यंत चमकू लागला.

तो सावकाश उतरला. पाहुण्यांपैकी कुणी हसण्याचं धाडस केलं नाही, जमिलानं मात्र पदर तोंडात कोंबला.

“किसने डाला तेल?” अरबाबनं विचारलं.

अब्बासची नजर पिकअपकडं गेली. शरीफाच्या हातात तो डबा होता, रिकामा आणि लख्ख. त्याला सगळं कळलं. शरीफालाही कळलं, कारण तिचा चेहरा उतरला होता आणि ती बोलायला पुढं निघाली होती. जन्मात कधी स्वतःची चूक न मानलेला अब्बास तिच्या आधी बोलला.

“मी. माझ्याकडून जास्त झालं. मला नीट माहीत नव्हतं.”

अरबाबनं दाढी पिळली. मग सगळ्यांदेखत, शरीफाला समजेल अशा हिंदीत त्यानं सुनावलं की पुर्जे धुणारा पुर्जेच धुणार, शनिवारी रॉकेलच्या टबापाशी हजर हो.

घराच्या दारात पोचल्यावर अब्बासनं एकदाचं सांगून टाकलं, की मिस्त्री तो कधीच नव्हता, आणि हे तिला लग्नाआधीच कळायला हवं होतं. शरीफाला राग आला होता, आणि त्या रागाच्या वर चढून दुसरंच काहीतरी येत होतं.

“तेल मी ओतलं, नि तुमी कबूल झालाव,” ती म्हणाली. “पण अख्ख्या गावात मी सांगत फिरले, माजा घोव मिस्त्री हाय म्हणून. आता मी खोटी नाय पडायची. शनवारी जावा, त्या मिस्त्रीचे पाय धरा नि शिका.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर मी येते शिकायला,” शरीफा चुलीकडं वळत म्हणाली. “ह्या घरात एकाला तरी मिस्त्री व्हायलाच पायजे.”